५ व्होल्टमध्ये १० चं काम कसं होणार?

आर्डुइनोचा (छोटा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर बोर्ड) पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल, कमाल २५५ पर्यंत नेला तरी माशांच्या टाकीवरचा एलईडी दिवा अर्ध्यावरच अडकतो, असं तुम्ही लिहिलंय. दिव्यात खोट नाही. दिव्याला वीज पुरवणाऱ्या ०-१० व्होल्टच्या ड्रायव्हरला पूर्ण उजेडासाठी १० व्होल्टचा सिग्नल लागतो, आर्डुइनो उनो देतो ५.

ड्रायव्हरवर 'थ्री इन वन डिमिंग' लिहिलं असेल तर १० व्होल्टचा पीडब्ल्यूएमही चालतो, आणि डिमच्या (उजेड कमी-जास्त करायच्या) तारेवर बहुधा ड्रायव्हर स्वतःच व्होल्टेज सोडतो. आधी मल्टिमीटर लावून बघा. व्होल्टेज येत असेल तर एक ऑप्टोकपलर पुरे; त्यात एक एलईडी उजेडाने ट्रान्झिस्टर चालू करतो, दोन्ही बाजू तारेने जोडलेल्या नसतात. पीसी ८१७ घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल. आतल्या एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर, ट्रान्झिस्टरची बाजू डिम प्लस-मायनसमध्ये. शिवाय कंट्रोलर ड्रायव्हरपासून अलग राहतो, पाण्याजवळ ते बरंच.

गोम एकच, सगळं उलटं होतं. आर्डुइनोची पिन हाय (५ व्होल्ट) केली की दिवा मंद, म्हणून कोडमध्ये २५५ मधून किंमत वजा करा. आणि बोर्ड बंद पडून पिनवर काही आलं नाही की दिवा फुल्ल! आमच्याकडे रात्री दोनला वीज जाऊन आली, बोर्ड हँग, एंजलफिश भेदरून कोपऱ्यात. तेव्हापासून दिव्याच्या प्लगला साधा टायमरही लावलाय.

२३० व्होल्टच्या जोडण्या मात्र ब्रेडबोर्डवर (तारा नुसत्या खोचायच्या पाटीवर) नकोत.