मदत हवी आहे: इंजिनाला पेट्रोल पोचवणारा फ्यूएल पंप जातोय असं वाटतंय, अशा गाडीने आईला आणायला जाऊ का?

परवा आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचंय. जायचे ८० किमी, यायचे ८०, बराचसा हायवे आणि मध्ये लांबलचक चढ. म्हणून घाईने विचारते आहे.

गाडी पेट्रोल, दहा वर्षं जुनी, १,२०,००० किमी झालेली. तीन आठवड्यांपासून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. मागच्या सीटखालून बारीक ‘ऊंऽऽ’ असा आवाज येतो, काचा बंद केल्या की जास्तच जाणवतो. रविवारी चढावर ट्रकला ओव्हरटेक करायला गेले. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढेचना. दोन गचके खाल्ले, आरपीएमचा काटा जागच्या जागी थरथरत राहिला. मी ट्रकच्या बरोबरीने अर्ध्यात अडकलेली आणि समोरून गाडी येतेय. ट्रकवाल्याने ब्रेक मारून मला आत घेतलं म्हणून आज हे लिहिते आहे. पुढे जाऊन बाजूला थांबले तेव्हा इंजिन बंदच पडलं. अर्ध्या तासाने मात्र एका सेल्फमध्ये सुरू झालं.

गॅरेजवाले म्हणतात, पंप वीक झालाय, पण हळू चालवा, इतक्यात काही होत नाही. भाऊ म्हणतो टाकी फुल ठेव म्हणजे झालं. खरंच चालेल का? आणि इंजिनाचं काही नुकसान होतं का?

प्रतिसाद १
ताई, नेऊ नका. आईंना आणायला दुसरी गाडी बघा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण कारण नीट सांगतो.

गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर सुरू होणं, हे पंपाची मोटर झिजल्याचं नेहमीचं लक्षण. असा पंप कधी दगा देईल याचा नेम नाही. दारात उभी असताना बंद पडली तर फक्त खोळंबा. हायवेच्या मधल्या लेनमध्ये बंद पडली तर मागून येणाऱ्याला कळायच्या आत तो तुमच्यावर येतो. शिवाय इंजिन बंद झालं की बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग एकदम जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडल हलकं करणारा भाग, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर म्हणजे ओढीवर चालतो) एक-दोन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगडासारखं लागतं. तसं झालंच तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, एकदाच ठामपणे दाबून धरा, हॅझर्ड लावा आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

‘हळू चालवा’ हा सल्ला मला पटत नाही. चढ लागला की हळू असतानाही इंजिन जास्त पेट्रोल मागतं, आणि पंप नेमका तिथेच कमी पडतो.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. सतत रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचे पंप म्हणूनच लवकर जातात. पण झिजलेला पंप टाकी भरून बरा होत नाही. उलट आत्ता गच्च भरू नका, टाकी उतरवावी लागली तर काम अवघड होतं.

इंजिनाचं म्हणाल तर पेट्रोलचं प्रेशर पडलं की मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त होते. इंजिन मिसिंग करतं, म्हणजे मध्येच स्फोट चुकतात, आणि लोडवर (चढावर, जोर लावताना) नॉकिंग, म्हणजे आत ठकठक, होऊ शकते. मिसिंग चालूच राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर तिथेच थांबा.

प्रतिसाद ३
पंप बदलण्याआधी पेट्रोलचं प्रेशर मोजायचं गेज लावायला सांगा! माझ्याकडे नवा पंप घातला, दुखणं तेच. शेवटी रिले (पंपाला करंट देणारा छोटा स्विच) खराब निघाला. साध्या पेट्रोल इंजेक्शनला बहुतेक ३ ते ४ बार (बार हे दाब मोजायचं एकक) प्रेशर लागतं. नुसतं आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) बघू नका, गाडी लोडवर असतानाही आकडा टिकला पाहिजे. पंपाच्या कनेक्टरवर जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज मिळतंय का, तेही बघायला लावा. आणि पेट्रोलची लाइन उघडण्याआधी प्रेशर सोडायलाच हवं, नाहीतर पेट्रोलची चिळकांडी उडते.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या रात्री वाचून जीव थाऱ्यावर आला. आईला चुलतभावाच्या गाडीने आणलं, ती घरी आहे, बरी आहे.

गाडी टो करून दुसरीकडे नेली. गेज लावलं तर आयडलला ३.२ बार आणि लोड दिला की १.९ वर घसरायचं. कनेक्टरवर व्होल्टेज व्यवस्थित होतं. पंप बाहेर काढून दाखवला. तळाची पेट्रोल गाळणारी जाळी काळ्या चिकट गाळाने भरलेली, आणि कनेक्टरची एक पिन तापून तपकिरी झालेली. पंप, जाळी, कनेक्टर तिन्ही नवीन घातले. आज त्याच चढावर एकटीच जाऊन आले. आवाज नाही, गचके नाहीत.

प्रतिसाद २
फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा. एकच विचारतो, पंपाच्या झाकणाखालची रबरी रिंग नवी घातली ना? टाकी भरल्यावर मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास येतो का, ते बघा.

मूळ लेखिका
रिंग नवीच घातली आहे. आज टाकी फुल करून, काचा बंद करून दहा मिनिटं बसले होते. वास नाही.