मदत हवी आहे: घरात आधीचा बोका, त्यात नवीन पिल्लू आलंय आणि वेगळी खोलीच नाही

मंगळवारकर:

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूर, मंगळवार पेठ. घर जुनं, कौलारू. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परडं आणि परड्यात न्हाणी. माणसं पाच आणि बोका एक. त्याचं नाव सरदार, वय पाच वर्षं, ऑपरेशन झालेलं, लसी वेळच्या वेळी. दिवसभर कौलांवर नाहीतर शेजाऱ्यांच्या गच्चीवर, आणि संध्याकाळी भाकरी थापायच्या टायमाला बरोब्बर चुलीपाशी हजर.

आमचे धाकटे भावजी उद्यमनगरात लेथवर कामाला आहेत. त्यांच्या शॉपमध्ये लोखंडी किसाच्या पोत्यांमागं एक पिल्लू ओरडत होतं. आई काही दिसेना, म्हणून डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले. दोनेक महिन्यांचं असेल. पांढऱ्यावर काळे आणि तांबडे ठिपके, पाठीवर ग्रीस. नाव वॉशर पडलंय. भावजी म्हणतात बोका आहे.

आता अडचण. जिथं वाचावं तिथं एकच सांगतात, नव्या मांजराला वेगळ्या खोलीत ठेवा आणि दार लावा. आमच्याकडं लागणारी दारं तीनच: पुढचं, मागचं आणि न्हाणीचं. सोपा आणि माजघराच्या मध्ये नुसती चौकट आणि तिला पडदा, स्वयंपाकघराचंही तेच. त्यामुळं वॉशर सध्या न्हाणीत आहे. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत त्याला रिकाम्या बादलीत घालून कुणीतरी परड्यात उभं राहायचं. हे किती दिवस चालणार?

सरदार न्हाणीच्या दाराच्या फटीला नाक लावून बसतो. आतून म्याव आलं की शेपटी फुगवून फिस्कारतो. खाणं कमी झालंय. आणि काल त्यानं भावजींच्या गादीवर मुतून ठेवलं. गेल्या पाच वर्षांत घरात असं एकदाही केलेलं नाही.

सासूबाई मांजरवेड्या आहेत, तो प्रश्न नाही. त्यांची माया जास्त, हा प्रश्न आहे. "मी बघतो की त्याच्याकडं, तू जा कामाला," म्हणतात आणि गंगावेशेतल्या कट्ट्यावरनं आणलेलं म्हशीचं दूध त्याच्यापुढं ठेवतात. पिल्लाला जुलाब लागलेत. शिवाय न्हाणी रोज फिनेलनं धुतली जाते.

पिल्लू द्यायचं नाही, एवढं घरात एकमतानं ठरलंय. खोली नसलेल्या घरात हे कसं जमवायचं, कुणी केलंय का?

नाद_खुळा:

द्या की सोडून. चार दिवस फिस्कारतील, दोन चापट्या खाल्ल्या की पिल्लू गप बसंल. आमच्या गल्लीतली मांजरं काय खोल्या भाड्यानं घेऊन ऱ्हायल्यात काय?

बोकोबा:

नाद_खुळा, गल्लीत पटलं नाही तर पळायला अख्खी गल्ली असते. घरात ते पिल्लू कपाटाखाली शिरेल आणि सरदार कपाटासमोर बसून राहील. पहिली भेट मारामारीची झाली तर पुढं महिनोन् महिने निस्तरत बसावं लागतं.

मंगळवारकर, बाकीचं नंतर. आधी गादीचं सांगा. मुतलेला डाग मोठा होता की थेंब थेंब? सरदार वाळूवर वारंवार जाऊन बसतो का, कण्हतो का, मागं सारखं चाटतो का? बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते आणि ताणानं लघवीचा त्रास उफाळून येतो. लघवी पूर्ण अडली तर दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसं काही असेल तर हा धागा वाचत बसू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा.

मंगळवारकर:

नाही, नाही. डाग चांगला परातीएवढा. एरवी परड्यातल्या वाळूत नेहमीसारखा जातो, कण्हत नाही. फक्त त्याच गादीवर. माझ्या गादीवर नाही, सासूबाईंच्या नाही.

कौलारू:

मग सरळ आहे. पिल्लू पिशवीतनं कुणी आणलं? रोज मांडीवर कोण घेतंय? भावजी. त्यांच्या कपड्यांना, पांघरुणाला परक्या मांजराचा वास लागलाय आणि सरदारनं त्यावर आपला वास ओतलाय. सूड वगैरे नाही तो. दुसऱ्या मांजराचा वास आपल्या जागेत आला की आपला वास वर चढवायचा, एवढंच त्याला कळतं. भावजींनी पिल्लाजवळ बसताना वेगळा शर्ट घालायचा, उठल्यावर हात धुवायचे आणि मगच गादीवर. गादीला व्हिनेगर-पाणी किंवा लघवीचे डाग काढणारं एन्झाइमवालं लिक्विड, आणि कडक ऊन. रागावू नका, नाक घासू नका. त्यानं ताण वाढेल, दुसरं काही नाही.

आता खोलीचं. मी शिवाजी पेठेत असंच जमवलंय, म्हणून सांगतो. घर वाटता येत नसेल तर वेळ वाटा.

सरदार दिवसभर बाहेर असतो हे तुमचं नशीब आहे. तो कौलांवर गेला की मागचं-पुढचं दार लावायचं आणि वॉशरला घरात सोडायचं. कोपरे हुंगू दे, खांबाला गाल घासू दे. सरदार यायच्या आधी त्याला परत आत घालायचं. संध्याकाळी सरदार घरभर हुंगत फिरेल, कदाचित गुरगुरेल. फिरू दे. परकं मांजर समोर न येता नुसतं वासानं भेटतंय, हेच आपल्याला हवंय. आणि सरदारची वेळ ती सरदारची. त्याची चुलीपाशी बसायची जागा, ताटली, सासूबाईंची मांडी, यातलं काहीही पिल्लासाठी हलवायचं नाही.

"परत आत" म्हणजे न्हाणीत नव्हे. भावजी उद्यमनगरात आहेत ना? त्यांना सांगा, वेल्डमेशचा पिंजरा करून आणा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पुरे. जाळी एक इंचाची घ्या. त्यापेक्षा मोठी घेतली तर पिल्लू डोकं घालून अडकतं. कापलेल्या तारांची टोकं आतून ग्राइंडरनं घासून घ्या. आत एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी आणि मध्ये लपायला पुठ्ठ्याचं खोकं. ट्रेसाठी वाळूचं घमेलं ठेवू नका. एवढ्याशा पिल्लाला त्याचा काठ चढवत नाही, मग ते शेजारीच बसतं आणि आपण म्हणतो त्याला सवय नाही. जुनी प्लास्टिकची थाळी घ्या. त्यात वाळू किंवा फाटलेले पेपर. ओलं झालं की गोळे होणारं विकतचं लिटर इतक्या लहान पिल्लाला नको, ते खाऊन बघतात.

पिंजरा माजघराच्या कोपऱ्यात, तीन बाजूंनी आणि वरून जुनं लुगडं टाकून. सरदार घरात असताना चौथी बाजूही झाकलेली.

पण यातलं काहीही करायच्या आधी पिल्लू डॉक्टरांना दाखवा. जुलाब दुधाचे असतील, जंतांचे असतील, किंवा मांजरांच्या पार्व्होचेही असतील. तो विषाणू घरात वर्षभरही तग धरतो आणि पिल्लांना फार वाईट. सरदारला लस आहे म्हणून त्याचा धोका कमी, तरी ताटल्या, ट्रे, फडकी वेगळी ठेवा आणि निदान दोन आठवडे दोघांचा प्रत्यक्ष संबंध नको. जंताचं औषध त्याआधीही चालतं, तिहेरी लस (पार्व्हो आणि मांजरांच्या सर्दीचे दोन विषाणू यांवरची) दोन महिन्यांपासून सुरू करतात, चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, रेबीजची तीन महिन्यांला. रक्ताचा थेंब घेऊन मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूची तपासणी होते, तीही विचारा. पिसवा असतील तर औषध डॉक्टरांनी दिलेलंच लावा. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

फिनेल आजपासून बंद. फिनॉलवाली औषधं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. फरशीवरनं पायाला लागतं, पाय चाटला की पोटात जातं. डेटॉलचंही तेच. पार्व्होची शंका आली तर एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी करून फरशीवर दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजर लांब.

मंगळवारकर:

भावजींनी हे वाचून लगेच टेप काढला, जाळीची मापं घेताहेत. ग्रीसचं काय करू? शॉपमधली पोरं म्हणत होती रॉकेलच्या बोळ्यानं पुसा.

कौलारू:

रॉकेल अजिबात नको. चाटून पोटात जाईल, कातडी भाजेल ती वेगळीच. खायचं तेल बोटानं चोळून ग्रीस मऊ करा, मग भांड्याचा सौम्य साबण आणि कोमट पाणी, आणि टॉवेलनं कोरडं होईपर्यंत पुसा. ओलं पिल्लू गारठतं.

आणि वॉशर बोका नाही. पांढरं, काळं, तांबडं तिन्ही रंग एका अंगावर म्हणजे जवळजवळ नक्की भाटी. तांबड्याचा आणि काळ्याचा रंग एक्स गुणसूत्रावरनं ठरतो, दोन्ही एकदम यायला दोन एक्स लागतात. तसा बोका हजारोंत एखादा.

पांढरा_रस्सा:

सासूबाईंसाठी माझे दोन शब्द, आमच्याही घरी असंच आहे म्हणून. दूध बंद. दूध सुटलं की मांजराला ते नीट पचत नाही आणि म्हशीचं तर त्याहून जड. साधं पाणी आणि पिल्लांचं खाणं, नाहीतर उकडलेलं कोंबडीचं मटण बारीक करून. रविवारी रस्सा होतो तेव्हा खरी गंमत. मसाला तिखट म्हणून सगळे आळणी, म्हणजे मसाला घालायच्या आधीचं मटण आणि त्याचं पाणी, काढून देतात आणि आपण फार काळजी घेतली असं वाटतं. पण आळणीतही कांदा-लसूण शिजलेलाच असतो आणि त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराचे तुकडे आधी वेगळ्या पातेल्यात नुसत्या पाण्यात शिजवायचे. सासूबाईंना हे काम सोपवा, त्या मनापासून करतील.

बोकोबा:

सरदारच्या खाण्यावर नजर ठेवा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढते. पूर्ण तोंड फिरवलं तर एका दिवसाच्या वर थांबू नका.

मंगळवारकर:

बऱ्याच दिवसांनी येतेय. जंत निघाले, पार्व्हो नाही, पहिली लस झाली. भाटीच आहे, भावजी पैज हरले. पिंजरा इतका दणकट झालाय की त्यात म्हैस मावेल असं शेजारचे काका म्हणतात. न्हाणी मोकळी झाली त्याचा आनंद यांना सगळ्यात जास्त.

वेळ वाटणं जमलं. सरदार पहिल्यांदा घरभर फिरून गुरगुरला, मग पिंजऱ्याकडं पाठ करून बसायला लागला. वॉशरच्या गालावर फिरवलेलं फडकं त्याच्या ताटलीखाली ठेवलं. आधी त्यानं ताटलीच पायानं ढकलली, मग मटणाच्या वासापुढं इलाज चालला नाही. गादी कोरडी आहे. आता लुगड्याची पुढची बाजू वीतभर वर करून दोघांना एकाच वेळी खायला घालतोय. सरदार खाता खाता मान वर करतो, एकदा फिस्कारतो आणि परत खातो. हे चांगलं की वाईट? आणि पिंजरा कधी उघडायचा?

कौलारू:

फिस्कारून परत खातो म्हणजे उत्तम. फिस्कारणं हे "लांब राहा" एवढंच सांगणं आहे. वाईट कधी, तर तो खाणं सोडून, अंग ताठ करून, कान मागं पाडून, पापणी न हलवता टक लावून बसला तर. तसं झालं तर मध्ये हात घालू नका, उशी किंवा पुठ्ठा आड धरा आणि लुगडं खाली करून पुन्हा आधीच्या पायरीवर या.

लुगडं पूर्ण वर असताना दोघं निवांत खायला लागले, सरदार पिंजऱ्याजवळनं नुसता हुंगून पुढं जायला लागला की दार उघडा. संध्याकाळी, दोघांची पोटं भरलेली असताना, घरात कुणीतरी बसलेलं असताना. सुरुवात दहा मिनिटांची. पिल्लाला आधी दोरीनं खेळवून दमवा. ते शेपटीवर उडी मारणार, सरदार एखादी चापट देणार. नखं आत असतील तर देऊ दे, पिल्लाला तेवढं शिक्षण लागतं. रात्री आणि घरात कुणी नसताना अजून पिंजराच.

सरदारला वर चढून बसायला भिंतीत एक फळी ठोका, जिथं पिल्लू पोचणार नाही. ट्रे दोन मांजरांना तीन, पण एका ओळीत ठेवलेत तर मांजरांच्या हिशेबी तो एकच. परड्यात एक, माजघरात एक, सोप्यात एक.

कौलांवर मात्र तिला इतक्यात सोडू नका. भाटी चौथ्या महिन्यातसुद्धा माजावर येऊ शकते, पोट राहिलं तर नऊ आठवड्यांत पिल्लं हजर. डॉक्टरांना विचारून पाच-सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन उरका. त्या दिवशी ती दवाखान्याचा वास घेऊन येईल आणि सरदार तिला ओळखणार नाही, पहिल्या दिवसासारखा फिस्कारेल. दोन-चार दिवस पुन्हा लुगडं आणि जाळी. म्हणून भावजींना सांगा, म्हैस मावो न मावो, पिंजरा भंगारात घालायचा नाही.