कामठी, सीताबर्डी, ब्रिस्टॉल: तीन स्टुडिओ, एक आडनाव. घराणं एकच हे कसं ठरवायचं?

जुना_अल्बम

नमस्कार मंडळी. कातडी बांधणीच्या अल्बममध्ये १७ फोटो आहेत. ११ छोटे, पुठ्ठा साधारण ६.३ बाय १० सेंमी. ६ मोठे, १०.८ बाय १६.५ सेंमी. त्यातल्या नऊंच्या पाठीवर फोटोग्राफरचं आडनाव एकच, पण थाट वेगवेगळा. चारांवर नुसतं नाव आणि कामठी, म्हणजे नागपूरजवळची लष्करी छावणी. दोनांवर ‘अँड सन’, पत्ते दोन: कामठी आणि नागपुरातली सीताबर्डी. तीनांवर ‘ब्रदर्स’, ब्रिस्टॉल, आणि खाली बारीक अक्षरांत ‘पूर्वी कामठी, ईस्ट इंडीज’.

कामठीच्या तीन कार्डांवर शाईने आकडे आहेत: ३११८, ३७६०, ४४०२. पहिल्यावर ‘ख्रिसमस १८७४’ आणि शेवटच्यावर ‘मे १८७७’ असंही लिहिलंय. बाप, मग मुलगा, मग दोघे भाऊ असा वंशवृक्ष मांडलाय, पण त्याला कागदाचा आधार शून्य. सुरुवात कुठून करावी?

काचपट्टी

वंशवृक्ष सध्या घडी घालून ठेवा. आधी पत्ते लावा, माणसं मागाहून. एक्सेलमध्ये कार्डागणिक एक ओळ करा: पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, पत्ता, पुठ्ठ्याची जाडी, रंग, कोपरे, निगेटिव्ह नंबर (म्हणजे ते शाईचे आकडे), हाताने लिहिलेलं काही. शिवाय दोन रकाने ठेवा, ‘याच्या आधीचं नाही’ आणि ‘याच्या नंतरचं नाही’. हे दोन रकाने भरले की अर्धे तर्क आपोआप गळून पडतात.

तुमची छोटी कार्डं म्हणजे कार्ट द व्हिजिट. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली पेटंट घेतलं, पण लाट आली १८६० च्या आसपास. मोठं ते कॅबिनेट कार्ड, १८६६ पासूनचं. पातळ पुठ्ठा, काटकोनी कोपरे, पाठीवर दोन-तीन ओळी, असं असेल तर १८६० चं दशक. गोल कोपरे १८७० नंतर रुळले. जाड पुठ्ठा, सोनेरी तिरकी कड, काळा किंवा मरून रंग, पाठभर बांबू आणि जपानी छत्र्या असल्या तर १८८० च्या पुढे. हे झालं विलायतेचं वेळापत्रक. छापील पुठ्ठे गठ्ठ्याने मागवायचे आणि संपेपर्यंत वापरायचे अशी रीत होती, म्हणून पुठ्ठा फक्त ‘आधीचं नाही’ एवढंच सांगतो.

१० पट भिंगाखाली फोटोचा उजळ भाग बघा. कागदाचे तंतू दिसले आणि पिवळट झाक असली तर अल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यावरचा प्रिंट. तंतू मुळीच दिसत नसतील तर खाली बॅरायटाचा पांढरा थर आहे. तो प्रिंट बहुधा १८८५ नंतरचा.

आकड्यांचं गणित सोपं आहे. ३११८ ते ४४०२ म्हणजे १२८४ निगेटिव्ह, २९ महिन्यांत. महिन्याला सुमारे ४४. ३७६० बरोब्बर मधोमध येतो, म्हणजे १८७६ चा फेब्रुवारी-मार्च. पण हे सरळ रेषेचं गणित आहे आणि धंदा सरळ रेषेत चालत नसतो. ओल्या कोलोडियनची काच, म्हणजे तेव्हाची रसायन लावलेली निगेटिव्ह, दहाएक मिनिटांत, ओली असतानाच, डेव्हलप करावी लागायची. कामठीच्या मे महिन्यात ती त्याआधीच वाळणार. गिऱ्हाईक हिवाळ्यात जास्त, पलटण बदलली की पुन्हा झुंबड. चार-सहा महिने इकडे-तिकडे धरूनच चाला. शिवाय भागीदार बदलला किंवा दुसरी शाखा निघाली की कधी नंबर पुन्हा १ पासून सुरू व्हायचे, म्हणून सीताबर्डीची कार्डं या मोजणीत घेऊ नका.

फोटोत गोरे शिपाई असतील तर टोपीवरचा बिल्ला बघा. १ जुलै १८८१ ला ब्रिटिश पायदळाच्या पलटणींचे नंबर जाऊन परगण्यांची नावं आली. नुसता नंबर दिसला तर फोटो बहुतेक त्याआधीचा.

गोराबाजार

माणसं शोधायची तर कामठीबाबत हमखास होणारी चूक आधी टाळा. नागपूर मध्य प्रांतात, म्हणून लोक बंगालच्या नोंदी चाळत बसतात आणि हात हलवत परततात. कामठीची छावणी मद्रास फौजेची. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला मद्रासमार्गे लंडनला गेल्या. ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. तुम्ही एन/२ पासून सुरू करा. फिबिस (ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा शोध घेणारी संस्था) आणि फॅमिलीसर्च या दोन्ही साइटवर सूची फुकट शोधता येते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा लिहिलेला असतो, तोच आपल्या कामाचा. कामठीचं स्पेलिंग के आणि सी दोन्हीने, मध्ये पी घालून आणि गाळून, सगळं टाकून बघा. नागपूरच्या शेवटीही पोर, पूर, पूअर सगळं सापडतं.

ब्रिस्टॉलकडून उलटं या. १८८१ च्या जनगणनेची पूर्ण नक्कल फॅमिलीसर्चवर फुकट आहे. नावाने नको, आडनाव आणि जन्मस्थान ‘ईस्ट इंडीज’ असं शोधा. घरातल्या पोरांची वयं आणि जन्मगावं ओळीने वाचली की कुटुंब कधी कुठे होतं ते दिसतं. जनगणना दर १० वर्षांनी: ७ एप्रिल १८६१, २ एप्रिल १८७१, ३ एप्रिल १८८१. १८७१ ला अख्खं घर गायब असेल तर ते इकडे असण्याचा संभव मोठा.

आणि ‘अँड सन’ म्हणजे जन्मदाखला नव्हे! धंदा विकताना निगेटिव्ह आणि नाव दोन्ही विकलं जायचं. नवा मालक जुनीच पाटी चालवायचा. ‘ब्रदर्स’ मध्ये मेव्हणा निघू शकतो. इंग्लंडमधली भागीदारी मोडल्याची नोटीस लंडन गॅझेटमध्ये छापून यायची, त्यात सगळ्या भागीदारांची नावं आणि तारीख असते. गॅझेटचा शोध फुकट आहे.

जुना_अल्बम

सापडलं! १८८१, ब्रिस्टॉल. घरप्रमुख विधवा बाई, वय ५१, धंदा फोटोग्राफर. मुलगे २९ आणि २६, दोघेही फोटोग्राफर, धाकट्याचा जन्म ईस्ट इंडीज. मुलगी १९ वर्षांची, तिच्यापुढे ‘कलरिस्ट’.

गोराबाजार

हे घर पक्कं दिसतंय. मुलीचा धंदा म्हणजे फोटोवर हाताने रंग भरणं, स्टुडिओतल्या घरच्या बायका हे काम बरेचदा करत. थोरला इंग्लंडात जन्मला असेल तर कुटुंब साधारण १८५२ ते १८५५ च्या मध्ये इकडे आलं. पण बाप तेव्हा फोटोग्राफर होता असं धरू नका. आधी शिपाई, चितारी किंवा औषधवाला आणि मग कॅमेरा, असं पुष्कळांचं झालंय. म्हणून धाकट्याचा बाप्तिस्मा आधी काढा, १८५४ ते ५६, धंद्याच्या रकान्यासकट. थोरल्याच्या लग्नाचा दाखला मिळाला तर त्यात बापाचं नाव आणि धंदा असतो. ‘अँड सन’ मधला सन हाच का, ते तिथे कळेल.

बापाचं दफन शोधताना ‘मे १८७७’ ही खालची मर्यादा मानू नका. तो गेल्यावरही पाटी तीच राहिली असेल. १८७१ ते एप्रिल १८८१ असा पट्टा धरा. मृत्युपत्र किंवा मालमत्तेचा कागद झाला असेल तर त्याच इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधल्या एल/एजी/३४/२९ मध्ये, आणि १८५८ पासूनच्या इंग्लंडच्या प्रोबेट कॅलेंडरमध्ये, म्हणजे मृत्युपत्रांच्या सूचीतही बघा.

झेंडा_चौक

सीताबर्डीच्या पत्त्याबद्दल. नागपूरला रेल्वे आली १८६७ ला, स्टेशन बर्डीला लागून, पलीकडे सिव्हिल लाइन्स. शाखा तिथे का निघाली ते उघड आहे, भाऊ. ती नेमकी कोणत्या साली, हे थॅकर्स डिरेक्टरीत शोधा. १८८५ पासून ती ‘इंडियन डिरेक्टरी’ नावाने निघते आणि गावोगावचे धंदे त्यात येतात. एकच अंक बघून थांबू नका. आडनाव पहिल्यांदा आणि शेवटचं कधी दिसतं ते टिपा, आणि डिरेक्टरी निदान एक वर्ष मागे असते असं समजून चाला.

जागा ओळखता आली तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल घ्या. नझूलची, म्हणजे सरकारी, जागा असेल तर पट्टेदारांची नावं लागोपाठ मिळतात. आजचा घर नंबर मात्र जुन्या कार्डावरच्या नंबराशी जुळवू नका, ते मध्ये बदललेत.

आणि पाठ बघायला कार्ड अल्बमच्या खाचेतून ओढून राहिले असाल तर थांबा. खाचेचा कागद फाटतो, कार्डाचे कोपरे मोडतात. पातळ पॉलिएस्टरची पट्टी कार्ड आणि पान यांच्यामध्ये सरकवा आणि पट्टीसकट कार्ड हळू बाहेर घ्या. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला, रंगीत स्कॅन करा, पाठसुद्धा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिकट शाई आणि पेन्सिल उडते. पुठ्ठ्यापासून फोटो सोडवायचा नाही, चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन तर नाहीच. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिएस्टरच्या घ्या. माळ्यावर ठेवू नका: उन्हाळ्यात तिथे भट्टी होते, पावसाळ्यात दमट, आणि खळीच्या वासाने कसर लागते. आतल्या खोलीतलं, भिंतीपासून सुटं असलेलं कपाट बरं.