हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढावी का? (जुनं घर, प्रतापनगर, नागपूर)

अंगण: 1984 चं घर आहे, वर फक्त गच्ची. 9 इंची विटांच्या भिंती, कॉलम नाहीत. हॉल 12 फूट, स्वयंपाकघर 10 फूट, मधली भिंत 12 फूट लांब. मुलांचा अभ्यास डोळ्यांसमोर राहावा म्हणून ती पूर्ण काढायची आहे. मिस्त्री म्हणतो, स्लॅबला काही होत नाही. वायरिंगही जुनंच आहे.

ओळंबा: मिस्त्रीचं हे अजिबात ऐकू नका. स्लॅब याच भिंतीवर टेकलेला आहे. भिंत गेली की दोन गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) 22 फुटांचा एक गाळा होतो, आणि तेवढ्यासाठी लागणारी सळई खालच्या बाजूला घातलेलीच नसते. स्लॅब आधी मधोमध वाकतो, मग तडकतो.

मधे 8 फूट उघडा, दोन्ही टोकांना 2-2 फूट भिंत राहू द्या. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून 2 फुटांवर, खाली-वर फळ्या देऊन जॅक (स्लॅबला तात्पुरते लोखंडी टेकू) लावा. दोन जॅकमध्ये 3 फुटांपेक्षा जास्त अंतर नको. मग स्लॅबच्या लगेच खाली एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच पाडून 200 मिमीचं लोखंडी चॅनल (C आकाराची तुळई) बसवा, फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या मिश्रणाने) ठासून भरा. ते पक्कं झाल्यावरच दुसऱ्या बाजूची खाच. दोन्ही चॅनल बोल्टने जोडा आणि त्यानंतर खालची भिंत उतरवा. ब्रेकर नको, छिन्नी-हातोडाच.

चॅनलची टोकं नुसत्या विटांवर ठेवू नका. एवढ्याशा जागेवर भार आला की जुनी वीट चिरडते. खाली 15 इंच लांब, 6 इंच जाड काँक्रीटचा ठोकळा हवाच. मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, कारण गच्चीवरच्या कोब्याची (पाणी अडवणाऱ्या थराची) जाडी प्रत्येक घरात वेगळी. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा असतील आणि त्या उन्हाळ्यात रुंदावत असतील, तर पाया आकसणाऱ्या-फुगणाऱ्या काळ्या मातीत हलतोय. तो प्रश्न आधी सोडवा.

अंगण: 2-2 फूट ठेवल्यावर मोकळं वाटेल का?

खस_ताटी: वाटेल, आणि नागपुरात तो तुकडा लागतोच. मे महिन्यात हॉलमधला कूलर चालू झाला की वारा थेट शेगडीवर येतो, ज्योत हलते, कधी विझतेही. शेगडी त्या 2 फुटांच्या आडोशाला घ्या. कूलरची हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट होतं. चिमणीचं पाइप-भोक भिंतीचं काम चालू असतानाच पाडा.

फेज_न्यूट्रल: भिंत फोडताय तेव्हाच तांब्याची नवी वायर टाका: दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, दीड टनाच्या एसीला 4 स्क्वेअर मिमी, स्वतंत्र एमसीबीवर (जास्त प्रवाह आला की बंद पडणारा स्विच). 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. जुनं न्यूट्रल (परतीची वायर) दोन सर्किटमध्ये वाटून घेतलेलं राहिलं तर तो सारखा ट्रिप होईल आणि कोणीतरी कंटाळून काढून टाकेल. म्हणून प्रत्येक आरसीसीबीचं न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर घ्या. एसी वाढणार असेल तर मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे आधीच द्या.