ल्युपसमुळे ऊन बंद, मग डी जीवनसत्त्व कुठून आणायचं?

सातारची_ताई:
माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. जरा ऊन लागलं की गालांवर, नाकावर लाल चट्टे उठतात आणि मग सांधे धरतात. एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आणि थोडं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. परवा डी जीवनसत्त्व ९ आलं, म्हणजे खूपच कमी. आई म्हणते, रोज सकाळी गच्चीत कोवळ्या उन्हात बस. डॉक्टरांनी तर ऊन टाळायलाच सांगितलंय. निदान खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालेल का? आणि ६०,००० युनिटची पुडी आणलीय, ती रोज घ्यायची का?

बीएचके:
रोज अजिबात नको! ती सहसा आठवड्यातून एकदाच देतात. आधी डॉक्टरांना फोन करा.

निळी_छत्री:
ताई, मलाही ल्युपस आहे, बरीच वर्षं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

काचेमागचं ऊन नकोच. त्वचेत डी बनतं ते अतिनील बी किरणांमुळे, आणि ते काच अडवते. अतिनील ए मात्र काचेतून आत येतात आणि आपल्यातल्या काहींना त्यांचाही त्रास होतो. म्हणजे डी मिळणार नाही, चट्टे मात्र उठू शकतात. बसमध्येही मी खिडकीची जागा घेत नाही.

कोवळ्या उन्हाचंही तसंच. सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरपे, हवेच्या जाड थरातून येतात आणि बी किरण वाटेतच गळतात. ते भरपूर असतात भर दुपारी, म्हणजे नेमके आपल्याला सोसत नाहीत तेव्हा. आईंना हे शांतपणे समजावून सांगा, त्या काळजीपोटीच म्हणतायत.

आपल्यासाठी डी तोंडानेच घ्यायचं. माझ्या डॉक्टरांनी आठ आठवडे दर रविवारी एक पुडी दिली होती. मी ती जेवण झाल्यावर दुधातून घ्यायची, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांसोबत नीट शोषलं जातं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं आणि मग महिन्याला एक. हा माझा डोस झाला, बहिणीचा तिचे डॉक्टरच ठरवतील. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ल्युपसमध्ये मूत्रपिंड आधीच जपायचं असतं, म्हणून मला रोजच्या पुडीची एवढी धास्ती वाटली.

रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी लिहिलंय ना, तेवढं बघा. शरीरातला साठा त्यावरूनच कळतो. ‘१,२५’ नावाची वेगळी, महागडी तपासणी असते, ती यासाठी नाही.

बांगडा, तारली, अंड्याचा बलक, ‘+एफ’ छापलेलं (डी मिसळलेलं) दूध हे सगळं जरूर द्या, पण ९ वरून वर यायला तेवढ्याने भागत नाही. प्रेडनिसोलोनने हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियमकडेही लक्ष हवं. आमच्याकडे रोज नाचणीची भाकरी असते.

आणि डी वाढलं तरी सनस्क्रीन, पूर्ण बाह्या, छत्री सोडायची नाही. आकडा सुधारला म्हणून त्वचेला ऊन सोसायला लागत नाही.

सातारची_ताई:
खूप आधार वाटला. रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सीच आहे. डॉक्टरांशी बोलले, पुडी आठवड्याला एकच घ्यायची. कॅल्शियम तपासलेलं नव्हतं, उद्या रक्त देणार.

निळी_छत्री:
मग क्रिएटिनिनचंही (मूत्रपिंडाची तपासणी) आत्ताच विचारून घ्या, एकाच सुईत काम होईल. आणि लॅबला सकाळी लवकर जाणार असलात तरी छत्री घ्या.