मदत हवी आहे: २१ महिन्यांच्या मुलाला ख्रिसमसची रोषणाई आणि सांताभेट कशी झेपेल?

नमस्कार. येत्या शनिवारी आम्ही चौघं ख्रिसमसची रोषणाई बघायला जाणार आहोत. दीडेक किलोमीटरची दिव्यांची वाट, दर अर्ध्या तासाने गाण्यांच्या तालावर उजळणारं मोठं झाड आणि शेवटी लाकडी खोपटात सांताची भेट. मोठी लेक सहा वर्षांची आहे, धाकटा २१ महिन्यांचा. प्रश्न धाकट्याचा आहे, पण जीव तुटतोय तो मोठीसाठी.

गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी रांग फार लांबली होती. तिथल्या मदतनीस बाईंनी घाईघाईत धाकट्याला माझ्या कडेवरून उचललं आणि थेट सांताच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. त्याने असं भोकाड पसरलं की मी त्याला ओढूनच परत घेतलं. त्या दिवसाचा आमच्याकडे एकच फोटो आहे: लेक हसतेय, आणि सांताच्या पांढऱ्या हातमोज्यात धाकट्याच्या पायातला एक मोजा राहून गेलाय. लेकीने तो कपाटाच्या दाराला चिकटवलाय. यंदा तिला ‘आमच्या दोघांचा’ फोटो हवाय, रोज विचारते.

अनोळखी माणसांची भीती साधारण आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होते आणि दोन वर्षांच्या आसपास ओसरायला लागते, हे माहीत आहे. आमचा अजून त्यातून बाहेर आलेला नाही. दाढीवाला माणूस दिसला की माझ्या खांद्यात तोंड खुपसतो आणि एका डोळ्याने बघत राहतो. त्याला रडवून फोटो काढायचा नाही, हे नक्की. पण लेकीला दरवेळी ‘तो लहान आहे ना’ हेच ऐकवत राहायचं का?

दुसरा पेच वेळेचा. चारचा आणि साडेसहाचा असे दोनच स्लॉट उरलेत. दिव्यांची खरी मजा अंधारात, पण हा साडेसातला झोपतो. जागतिक आरोग्य संघटनेने या वयाला दुपारची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. आमचा जेमतेम ११ तास झोपतो, त्यातलं काही मोडलं की दुसरा दिवस किरकिरीत जातो. दोघांपैकी एकाने त्याला घेऊन घरीच थांबावं, असंही मनात येऊन गेलं. पण मग सगळे मिळून जाण्यातलं काय उरलं?

बाकी तयारी केली आहे. जाड जॅकेट दबलं की कारसीटचे पट्टे सैल पडतात, म्हणून ते पोचल्यावरच घालणार. बाबागाडी आणि बाळाला अंगाशी बांधायचं कॅरिअर दोन्ही नेतोय. लुकलुकणारी खेळणी घेणार नाही, त्यातला बटणासारखा सेल पोटात गेला तर फार धोक्याचं असतं.

अनुभवी पालकांनी कृपया सांगा, कुठला स्लॉट घ्यावा आणि फोटोचं काय करावं?

प्रतिसाद

चारचाच घ्या, आणि फोन करून विचारा की सांताची भेट आधी उरकता येईल का. मूल झोपेतून उठून ताजं असताना जे जमतं, ते दोन तास फिरल्यावर जमत नाही. फोटोत त्याला तुमच्याच मांडीवर बसवा, सांता शेजारी बसेल आणि लेक मधे. सांताला आधीच सांगून ठेवा की बाळाकडे बघू नका, नुसतं ताईशी बोला. आमच्याकडे एवढ्यावरच काम झालं होतं, भाचा आपणहून त्याची टोपी बघायला सरकला. गाण्यांच्या वेळी झाडापासून लांब उभ्या राहा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. शिवाय लहान मुलांचे, कान झाकून आवाज कमी करणारे इअरमफ घ्या, पण घरी दोन-तीन दिवस सवय करून मगच न्या.

धागाकर्ती

मनापासून आभार! आत्ताच फोन केला. चारच्या स्लॉटला आधी सांता चालेल म्हणाले. लेकीला सांगितलं तर तिने लगेच कापसाची दाढी लावून सराव सुरू केला. पहिल्यांदा तो माझ्यामागे लपला, दुसऱ्यांदा त्याने ती दाढी ओढून काढली आणि स्वतःच्या गालाला लावून बघितली. आता इअरमफ घेताना माप कसं बघायचं, एवढं कोणीतरी सांगा.