शिशुगृहात बाळं सांभाळायला जायचंय, कशी तयारी करू?

प्रश्न: बँकेतून नुकतीच रिटायर झालेय. पुण्यातल्या एका शिशुगृहात आठवड्यातून दोन दिवस जायचं म्हणते. लळा लागला तर? एवढीच धास्ती.

उत्तर: मी चार वर्षं दर मंगळवारी जाते. लळा लागतोच हो ताई! आधी पोलीस पडताळणी, तब्येतीचा दाखला मागतील. बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा. फोटो अजिबात नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही. काम म्हणजे दूध, लंगोट आणि ढेकर. ढेकरेची घाई करू नका. एक सव्वादोन किलोचं बाळ वाटी-चमच्यानं 30 मिली प्यायला पाऊण तास लावायचं, मग माझा पदर मुठीत धरून झोपायचं.

आणखी एक: सर्दी असली तर सरळ दांडी मारा. उगाच मास्क लावून हिरोगिरी नको.

प्रश्नकर्ती: ते बाळ आता कुठंय?

उत्तर: आईनं स्वतः सोपवलं होतं, तिला फेरविचाराला 60 दिवस असतात. ती आली नाही. मग दत्तक गेलं. त्या मंगळवारी मी नुसती दुपट्यांच्या घड्या घालत बसले. पुढच्या मंगळवारी त्याच पाळण्यात दुसरं, भोकाड पसरलेलं.